मुलांचा खेळ आणि वडिलांची घाई

इंदूरच्या मराठी घरांतील क्रिकेटचे वेड आजचे नव्हे. सी. के. नायडू १९२३ साली होळकर दरबाराच्या आश्रयास आले आणि पुढे होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत रणजी करंडक चार वेळा जिंकला. राहुल द्रविड यांचा जन्म १९७३ साली येथलाच. २०२२ साली मध्य प्रदेशाने मुंबईस हरवून तोच करंडक प्रथमच आणला, तेव्हापासून तर प्रत्येक गल्लीतील वडिलांस आपल्या चिरंजीवांत भावी फलंदाज दिसू लागला आहे. यात वावगे काही नाही. आशा कोणी करू नये?

परंतु आम्हां शाळामास्तरांपुढे ही आशा कधी कधी निराळ्या वेषात येऊन उभी राहते. प्रवेशाचे दिवस असतात, दाखल-खारीज रजिस्टर उघडे असते आणि गृहस्थ आवाज खाली आणून म्हणतात, "सर, जन्माचे साल तेवढे दोनने पुढचे लिहा. पोराचे कल्याण होईल." जन्मदाखला मागावा तर तो नेमका हरवलेला असतो. मुलगा शेजारी उभा राहून सारे ऐकत असतो, ही गोष्ट मात्र त्या गृहस्थांच्या ध्यानी येत नाही.

दोन वर्षांनी एवढे काय साधते, ते समजून घेतले पाहिजे. अकरा ते पंधरा या वयात मुलांची वाढ एका मापाने होत नाही. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या पक्वतेत दोन-तीन वर्षांचे अंतर सहज पडते. ज्याचे वयात येणे लवकर, त्याच्या मनगटात जोर अधिक. त्याचा चेंडू वेगाने जातो, फटका सीमेपार पोहोचतो. आपण त्याला प्रतिभा समजतो. चौदा वर्षांखालील सामन्यांत सोळा वर्षांचा मुलगा घुसवला की हेच घडते. पुढे अठराव्या वर्षापर्यंत मागची मुले उंचीने व बळाने त्याला गाठतात, काही पुढेही जातात, आणि कालपर्यंत शाबासकी मिळवणारा मुलगा एकाएकी सामान्य ठरतो. आपले काय चुकले हे त्याला उमगत नाही. वास्तविक त्याचे काही चुकलेलेच नसते.

द्रविड यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत पतौडी स्मृतिव्याख्यान दिले, त्यात वय चोरण्याच्या या प्रकारावर त्यांनी कडक बोट ठेवले होते. आईबाप व प्रशिक्षक खोटा दाखला करताना मुलगा पाहतो, म्हणजे घरचीच वडीलधारी माणसे त्याला खोटे शिकवतात, आणि ज्या प्रामाणिक मुलाची जागा जाते तो खेळावरच रुसून बसतो, असा त्यांचा आशय होता. क्रिकेट नियामक मंडळ आता मनगटाचे एक्स-रे काढून हाडांचे वय पाहते. २०२० साली मंडळाने ठरावीक मुदतीत आपण होऊन खरे वय सांगणाऱ्यास माफी, आणि नंतर सापडणाऱ्यास दोन वर्षांची बंदी, असा नियम केला. त्या एक्स-रेची धास्ती चौदा वर्षांच्या पोराने एकट्याने वाहायची! मित्रांत वाढदिवस सांगतानासुद्धा त्याला आधी हिशेब करावा लागतो.

खोटा दाखला हे टोक झाले. आपल्यापैकी बहुतेक जण त्या वाटेस जाणार नाहीत. पण तीच घाई सौम्य रूपात पुष्कळ घरी नांदते. सामना संपला, मूल शून्यावर बाद झाले, आणि स्कूटरवर मागे बसून घरी जाताना वडील एक अक्षर बोलत नाहीत. किंवा चौकाचौकात तो फटका कसा मारावयास हवा होता ते सांगत सुटतात. मूल यातून एकच अर्थ काढते: धावा झाल्या तर मी लाडका. शिबिराची फी किती भरली याचा उच्चार तर जेवताना होऊच नये. मग त्याला चेंडूची नव्हे, घराची भीती वाटू लागते, आणि भ्यालेल्या मुलाचे पाय क्रीजमध्ये हलत नाहीत हे कोणीही जुना खेळाडू सांगेल.

नॉर्वे हा जेमतेम ५५ लाख वस्तीचा देश. तेथे १९८७ सालापासून मुलांच्या खेळाविषयी नियमच आहेत: अकराव्या वर्षाआधी गुणतक्ते व क्रमवारी नाही, आणि ज्या साली तेरा वर्षे पुरी होतात त्याआधी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा नाहीत. आपल्याला वाटेल, अशाने मुले ढिली पडतील. त्याच देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वांहून अधिक, ३९ पदके नेली. त्यांचा बर्फ आपल्याकडे नाही, हे खरे. नियम मात्र उचलता येण्याजोगा आहे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली दिलेला सल्लाही ठाऊक असावा. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत एकाच खेळास जुंपू नये, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस सरावास सुटी असावी. आपल्याकडे रविवारी दोनदा सराव असतो!

सामन्याच्या सकाळी वारंवार पोट दुखणे, झोप उडणे, आवडती बॅट कोपऱ्यात पडून राहणे, अभ्यासातून मन उठणे, या गोष्टींस नाटक समजू नये. दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास डॉक्टरांस दाखवावे, आणि दरम्यान सराव थांबवावा की चालू ठेवावा, हे मुलास किंवा मुलीस विचारावे. उत्तर "थांबवू या" असे आले, तर फी बुडाली असे समजून गप्प बसावे.