पगार कुणाचा, बातमी कुणाची?

जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचं काम छत्रपती संभाजीनगर केंद्राकडे सोपवायचं, असा आदेश निघाला. पुण्यात गलका झाला, पुढाऱ्यांनी दिल्लीला कळवलं आणि तेव्हाचे माहिती व प्रसारणमंत्री अनुराग ठाकूर यांनी लगेच त्या आदेशाला स्थगिती दिली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या पुण्याच्या बातम्या चालू राहिल्या. पुणेकरांनी हा पुण्याच्या मानाचा प्रश्न केला, ते त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. आम्हा नगरकरांसाठी मात्र प्रश्न निराळा होता, आणि त्याचं कारण पाणी.

आपल्या नगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरचा, उत्तर भाग गोदावरीच्या खोऱ्यात वरच्या अंगाला येतो. मुळा, भंडारदरा, निळवंडे ही आपली धरणं. खाली पैठणला जायकवाडी. त्या वर्षी पाऊस ओढ देऊन गेला. समन्यायी पाणीवाटपाच्या तेव्हाच्या नियमानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला साठा पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडायचं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी नगर-नाशिकच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ते सुटलं. त्या दिवसांत मी दोन्हीकडची वर्तमानपत्रं वाचत होतो. इकडे पाणी ‘पळवलं’ जात होतं, तिकडे ‘हक्काचं’ पाणी ‘मिळत’ होतं. पाणी एकच, क्रियापदं दोन. रेडिओच्या बातमीला मात्र म्हणावं लागतं, की मुळा धरणातून जायकवाडीसाठी पाणी सोडण्यात आलं. कवितेत मी या कर्मणी प्रयोगापासून चार हात दूर राहतो, पण बातमीत त्याच्याइतकी सभ्य दुसरी गोष्ट नाही.

जूनचा तो आदेश टिकला असता, तर नोव्हेंबरातली ही बातमी जायकवाडीचं पाणी पिणाऱ्या शहरात लिहिली गेली असती. तिथला संपादक अप्रामाणिक असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण बातमी करताना पहिला फोन कुणाला लावायचा, हे माणूस आपण जिथे बसतो तिथून ठरवतो. मुळेच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला तो लागला असता की पैठणच्या, एवढाच प्रश्न होता. आणि एक गोष्ट मला तेव्हापासून टोचते आहे. आदेशाला स्थगिती मिळाली म्हणून मलाही बरं वाटलं, पण फोनवरून जे थांबवता येतं ते फोनवरून सुरूही करता येतं.

कुणी म्हणेल, हातात मोबाइल असताना रेडिओच्या बातम्यांचं एवढं काय? त्यासाठी आपल्या देशातली एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. दूरचित्रवाणीवर खासगी वाहिन्या शेकड्यांनी आहेत, पण रेडिओवर बातम्या देण्याचा अधिकार सरकारने आकाशवाणीकडेच ठेवला. खासगी एफएम केंद्रांनी गाणी लावावीत, गप्पा माराव्यात. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावावं, अशी सवलत त्यांना २०११ च्या धोरणात मिळाली. त्यांना तासाला दहा मिनिटं स्वतःच्या बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. म्हणजे हवेतून ऐकू येणारी बातमी इतकी वर्षं एकाच तोंडून आली. दुकान एकच असेल तर त्याचा तराजू जास्त बारकाईने पाहावा लागतो.

आता हे दुकान चालतं कुणाच्या पैशावर? माझ्या पिढीतल्या वाचकांना रेडिओचं लायसन आठवत असेल. छोटंसं पुस्तक, वर्षाला पंधरा रुपये, आणि पोस्टात जाऊन त्यावर लावून आणायची तिकिटं. आमच्या वडिलांनी ते पुस्तक रेशनकार्डाच्या सोबतीने पेटीत जपून ठेवलं होतं. रेडिओला मालक आहे आणि तो आपण आहोत, असं त्या तिकिटांमुळे वाटायचं. वाटायचंच म्हणतो, कारण पैसे जात होते सरकारी तिजोरीत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर लायसन गेलं. लोकांना आनंद झाला. कटकट गेली, आणि तिच्याबरोबर ऐकणारा आणि ऐकवणारा यांच्यामधला पैशाचा धागाही गेला.

मुळात या देशात रेडिओ सुरू झाला तो कंपनीचा. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. लायसन दहा रुपये, आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला. पण लायसनं घेणारे काही हजारच निघाले, न घेता ऐकणारे किती ते कुणी मोजावं! १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने केंद्रं ताब्यात घेतली. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. सरकारच्या ताब्यातला रेडिओ म्हणजे काय, याचा पुरावा आपल्या भुईकोट किल्ल्यात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या नेत्यांना तिथे आणून ठेवलं, तेव्हा मौलाना आझादांच्या सामानात प्रवासात नेण्याजोगा एक रेडिओ होता. बाकी सामान त्यांना मिळालं, रेडिओ जप्त झाला, आणि तो त्यांना पुन्हा दिसला तो सुटकेनंतर. त्याच दिवसांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. १२ नोव्हेंबर १९४२ ला तो पकडला गेला. सरकारी एआयआरचा उल्लेख ही मंडळी ‘अँटी इंडिया रेडिओ’ असा करत.

स्वातंत्र्य आलं, पण रेडिओची रचना बदलली नाही. १९६४ मध्ये नेमलेल्या चंदा समितीने स्वायत्त महामंडळ करा असं सांगितलं. ते कागदावर राहिलं. आणीबाणीत आकाशवाणी सरकारचा भोंगा झाली. किशोरकुमारांनी सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून त्यांची गाणी रेडिओवरून गेली, हे तर सर्वांना ठाऊक आहे. १९७७ नंतर वर्गीज समितीने पुन्हा स्वायत्ततेची मांडणी केली. अखेर विश्वनाथ प्रताप सिंग सरकारच्या काळात, १९९० मध्ये प्रसारभारती कायदा झाला आणि सात वर्षं कपाटात पडला. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या एका खटल्यात निकाल दिला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती ना सरकारची ना व्यापाऱ्याची. त्या पीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सप्टेंबर १९९७ मध्ये कायदा लागू झाला आणि २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसारभारती महामंडळ अस्तित्वात आलं. नागरिकांना मोकळी, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळावी, विरोधी मतंही पोहोचावीत आणि महामंडळाने स्वतःचं मत लादू नये, असं या कायद्यात चांगल्या शब्दांत लिहिलं आहे.

त्याच कायद्यात पुढे पैशाचं कलम आहे. सरकार संसदेच्या मंजुरीने दरवर्षी अनुदान देईल. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ही रक्कम २८०० कोटींच्या आसपास होती. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत लागलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार सरकारने आपल्याकडे घेतला. शिवाय यंत्रसामग्रीसाठी जानेवारी २०२३ मध्ये २५३९ कोटींची वेगळी योजना मंजूर झाली. पैसा येतो ही चांगलीच गोष्ट आहे, ट्रान्समीटर कवितेवर चालत नाहीत. प्रश्न येतो तो दरवर्षी मागावा लागण्याचा. घरातल्या कर्त्या पोराला रोज सकाळी बापापुढे हात पसरावा लागला, तर संध्याकाळी तो बापाची चूक दाखवेल का?

हे फक्त वरच्या खुर्च्यांना लागू नाही. बातमीपत्र ज्यांच्या हातून तयार होतं, त्यांच्यातले अनेक जण आज ‘नैमित्तिक’ आहेत. म्हणजे महिन्यातून मोजके दिवस बोलावणं, तेवढ्याच दिवसांचे पैसे. जिल्ह्याच्या ठिकाणी असतो तो अंशकालीन वार्ताहर. ही माणसं मन लावून काम करतात. पण एखाद्या मंत्र्याच्या घोषणेत आकडा चुकला आहे हे दिसलं, तरी पुढच्या महिन्याचं बोलावणं त्यांना आधी आठवणार. हे बोलावणं कुणी तोडेल असं नाही. तुटू शकतं, एवढं पुरतं. निःपक्षपातीपणाला आपण फार वरचं नैतिक मूल्य वगैरे म्हणतो, पण त्याचा पाया कायमच्या नोकरीत आणि वेळेवरच्या पगारात असतो.

चाँदरातीचं उदाहरण देतो. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी चंद्र दिसला की नाही, यासाठी साक्ष घेतात. साक्षीदार भरवशाचा आहे ना, त्यात त्याचा स्वतःचा काही लाभ नाही ना, हे पाहतात. डोळे चांगले असून भागत नाही.

पैसे देणारा सरकार असला की बातमी सरकारचीच, असंही म्हणता येत नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने त्यांच्या मृत्यूची बातमी दुपारीच दिली. आकाशवाणीने संध्याकाळी. तेव्हा बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनाही रेडिओवर बीबीसी लावावी लागली होती. आमच्या घरी बीबीसीची उर्दू सेवा लागायची आणि मोहल्ल्यातले चार जण ऐकायला येऊन बसायचे. त्या परदेशी सेवेचा खर्च त्या काळात ब्रिटनचं परराष्ट्र खातं करत होतं. म्हणजे तीही सरकारीच तिजोरी! फरक असा होता, की पैसे देणाऱ्याच्या हातात बातमीची लेखणी नव्हती. १९८२ च्या फॉकलंड युद्धात बीबीसीने ‘आपलं सैन्य’ न म्हणता ‘ब्रिटिश सैन्य’ म्हटलं, म्हणून मार्गारेट थॅचर यांचं सरकार खवळलं होतं. ‘आपलं’ हा एक शब्द गाळायला केवढं बळ लागतं, ते पाण्याच्या बातमीवरून आपल्यालाही कळतं.

तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नये. ब्रिटनमध्ये २०२५ साली दूरचित्रवाणीचं लायसन १७४ पौंड ५० पेन्स झालं, आणि ते बंद करा म्हणणारे वाढले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रम्प यांच्या भाषणाच्या कापाकापीवरून बीबीसीच्या महासंचालकांना पायउतार व्हावं लागलं. अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणाचे पैसे दोन वर्षं आधीच मंजूर करून ठेवायची चाल होती, म्हणजे आजच्या रागाचा उद्याच्या बातमीवर परिणाम होऊ नये. मला ही युक्ती फार आवडली होती. जुलै २०२५ मध्ये तिथल्या काँग्रेसने असे मंजूर झालेले एक अब्ज दहा कोटी डॉलर परत घेतले. कुलूप चांगलं होतं, पण किल्ली शेवटी त्यांच्याचकडे होती.

आपल्याकडे हात कुठवर पोहोचतो, त्याची दोन उदाहरणं. जून २०२० मध्ये ‘पीटीआय’ या वृत्तसंस्थेने चीनच्या राजदूतांची मुलाखत घेतली. प्रसारभारतीने तिला कडक पत्र लिहिलं, आणि ऑक्टोबरमध्ये पीटीआय व यूएनआय या दोन्ही संस्थांची वर्गणी थांबवली. दुसरं मे २०२४ मधलं. निवडणुकीत राजकीय पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर भाषणासाठी मोफत वेळ मिळतो. १९७७ पासूनची ही पद्धत मला लोकशाहीतली एक सुंदर गोष्ट वाटते. त्या वेळी फॉरवर्ड ब्लॉकच्या जी. देवराजन यांना भाषणातून ‘मुस्लिम’ हा शब्द काढायला सांगण्यात आला, आणि सीताराम येचुरी यांच्या भाषणातले ‘दिवाळखोरी’सारखे शब्द बदलले गेले. आचारसंहितेप्रमाणे असे बदल सर्वच पक्षांना, मुख्यमंत्र्यांनासुद्धा सांगितले जातात, असं उत्तर मिळालं. ते खरंही असेल. मीसुद्धा वर्षानुवर्षं स्टुडिओत कविता आणि भाषणं वाचत आलो. संहिता आधी द्यायची, करारावर सही करायची, हा नियम मला कधी जाचक वाटला नाही. कुणाच्या धर्माची निंदा हवेत जाऊ नये, हे मला मान्यच आहे. पण एखाद्या समाजाचं नुसतं नाव हीच निंदा कशी होते, ते मला समजलेलं नाही. त्या नावाचा एक माणूस या ओळी लिहितो आहे.

मित्र म्हणतात, मग बंद करा ना, आमच्या कराचे पैसे तरी वाचतील. जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिन्या रात्री नऊ वाजता काय करतात ते पाहिल्यावर मला हा उपाय पटत नाही. त्यांनाही अन्नदाता आहेच, आणि त्याला पाथर्डीच्या टँकरमध्ये रस नाही. मला वाटतं, रक्कम पाच वर्षांसाठी एकदम ठरावी, आणि ती सरकारने नाही तर संसदेच्या सर्वपक्षीय समितीने ठरवावी. अमेरिकेचं ऐकल्यावर हेही पुरेल असा दावा मी करत नाही. आणि जिल्ह्याजिल्ह्याला पूर्ण पगाराचा एक वार्ताहर असावा. नगरसारख्या, राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या जिल्ह्यात निदान दोन तरी. एक उत्तरेला, एक दक्षिणेला, कारण अकोल्यातला पाऊस आणि जामखेडचा दुष्काळ एका माणसाला एका दिवसात दिसत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर दरवर्षी जायकवाडीचा साठा मोजला जातो. ज्या वर्षी तो कमी भरेल, त्या वर्षी राहुरीतही सकाळी सात-दहाला रेडिओ लागेल आणि पैठणलाही. बातमीत एकच वाक्य असेल, आणि दोन्हीकडे ते कान देऊन ऐकतील.