सर्व्हरची तालीम

उर्दूमध्ये ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे सराव. नाटकाची तालीम होते, पहिलवानही तालमीत घाम गाळतो. संगणकाच्या जगातही अशी तालीम असते. ती कशी असते, ते आपण पाहूया.

इतर संगणकांना माहिती पुरवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. जगातील असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली.

लिनक्स सर्व्हरला बहुधा लिहून आज्ञा द्याव्या लागतात. आज्ञा चुकीच्या ठिकाणी गेली तर काय होते? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसायची होती. आज्ञा गेली मुख्य सर्व्हरवर! सुमारे ३०० जीबींपैकी फक्त साडेचार जीबी माहिती उरली. राखीव प्रती घेण्याच्या बहुतेक सोयी बंदच पडलेल्या निघाल्या, कारण त्यांची नियमित तपासणी होत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

मग सराव कोठे करावा? व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅमने आपल्याच संगणकाच्या आत दोन-तीन आभासी संगणक तयार करता येतात. पण ते दर वेळी हाताने उभारताना काहीतरी राहून जाते. म्हणून उभारणीच लिहून ठेवतात. किती संगणक हवेत, प्रत्येकाला किती मेमरी द्यायची, हे व्हॅग्रंटच्या फाइलमध्ये लिहितात. त्यांवर कोणते प्रोग्रॅम हवेत, कोणती सेवा चालू हवी, हे अ‍ॅन्सिबलच्या ‘प्लेबुक’मध्ये लिहितात. मग एक आज्ञा दिली की सारे आपोआप उभे राहते. नीट लिहिलेले प्लेबुक पुन्हा चालवले, तर ते झालेले काम परत करत नाही. राहिलेले तेवढेच पूर्ण करते.

आता खरी तालीम सुरू होते. मुद्दाम एखादी सेवा बंद पाडा. माहिती पुसा आणि राखीव प्रतीवरून परत आणा. जमले नाही, तर सगळे मोडून पुन्हा उभारा. मात्र तेथे लोकांची खरी माहिती किंवा खरे पासवर्ड कधीही ठेवू नका.

मित्रांनो, सर्व्हरमध्ये लोकांची कागदपत्रे, पैशांचे हिशेब, रुग्णांच्या नोंदी असतात. ती लोकांची अमानत आहे. ती सांभाळणाऱ्याने आपल्या चुका तालमीतच करून घ्याव्यात.

स्वाध्याय
१. गिटलॅबमधील नोंदी कायमच्या का गेल्या?
२. उभारणी लिहून ठेवण्याचे फायदे सांगा.
३. उर्दू व मराठीत अर्थ वेगळे असणारे आणखी दोन शब्द शोधा.