केबल लावलीय, तरी नेट नाही: आधी चार प्रश्न, मग सेटिंग

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून या भागातले सगळे आकडे आणि पायऱ्या इथं नीट लिहून काढल्यात. कॉम्प्युटरसमोर बसून एकेक पायरी करत वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

आजचा विषय लॅन केबलच्या इंटरनेटचा. केबल जोडलीय, राउटर चालू आहे, शेजारच्या मोबाईलवर नेटही येतंय आणि कॉम्प्युटर मात्र म्हणतो, ‘नो इंटरनेट’. आमच्या परभणी जिल्ह्यात हा प्रश्न घरापेक्षा जास्त छळतो तो आपले सरकार सेवा केंद्रांत. जिंतूर असो, सोनपेठ असो की पालम, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीचा अर्ज, पीकविमा, सगळं या एका केबलवर येऊन टेकलंय. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. मुदत होती ३१ जुलै, ती पुढं ३ ऑगस्टपर्यंत वाढली. शेवटच्या दिवसांत केंद्राबाहेर रांग, आत कॉम्प्युटरवर पृथ्वीचा गोळा आणि त्याच्यावर फुली! रांगेतल्या माणसाचा सातबारा आणि पासबुक हातात तसंच राहतं.

अशा वेळी हात सरळ सेटिंगकडं जातो. इथला आकडा बदल, तिथलं बटण दाब, नेटवर्क रीसेट मार. बऱ्याचदा मूळ बिघाड आपोआप दुरुस्त होतो, पण तोवर आपण कॉम्प्युटरमध्ये दुसरा बिघाड करून ठेवलेला असतो. म्हणून आजचं सांगणं एवढंच: बिघाड कुठं आहे ते कळेपर्यंत सेटिंगला हात लावायचा नाही. आणि ते कळायला चार प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न: दिवा लागतोय का?

कॉम्प्युटरच्या मागं जिथं केबलची पिन बसते तिथं बारीक दिवे असतात. राउटरच्या त्या पोर्टलाही असतात. दोन्हीकडं दिवा नसेल तर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शोधण्यासारखं फारसं काही नाही. पिन काढून परत ‘टिक’ आवाज येईस्तोवर बसवा. राउटरचं दुसरं पोर्ट वापरून बघा. दुसरी केबल लावून बघा. पिनेची प्लास्टिकची जीभ तुटलेली असेल तर ती हलकेच मागं सरकते आणि वरून जोडलेलीच दिसते.

उंदरानं कुरतडलेली केबल, खुर्चीच्या चाकाखाली दबलेली केबल, वळवाच्या पावसात वीज पडल्यावर जळालेलं पोर्ट, ही आपल्याकडची नेहमीची कारणं. पोर्टच गेलं असेल तर यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर मिळतं, त्यावर काम भागतं.

केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून एखादी तार तुटली की नेट पूर्ण बंद न पडता नुसतं मंदावतं, असंही होतं. आणि एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर. ग्रामपंचायतीतून पार शाळेपर्यंत एकच केबल ओढली असेल तर दुखणं तिथंच आहे.

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला तर बाहेरची फायबर तुटलीय किंवा वाकलीय. रस्त्याचं खोदकाम चालू असलं की हे ठरलेलंच. लाल दिवा दिसला की सरळ कंपनीला फोन लावा.

दुसरा प्रश्न: पत्ता मिळालाय का?

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकट उघडली की त्यात सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर. काळी खिडकी उघडेल. तिथं आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी असं सलग टाइप करा आणि एंटर दाबा. ‘इथरनेट अडॅप्टर’च्या खाली दोन ओळी बघायच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे.

आयपी म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचा घर नंबर. गेटवे म्हणजे वेस, गावाबाहेर जायचं तर तिथूनच. ही वेस म्हणजे तुमचा राउटर.

आता आकडे वाचू. आयपी १६९.२५४ नं सुरू होत असेल तर कॉम्प्युटरनं राउटरकडं पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक तात्पुरता नंबर लावून घेतला. या नंबरवर इंटरनेट चालत नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा, केबल काढून परत लावा.

आयपी १९२.१६८.१.५० असा आणि गेटवे १९२.१६८.१.१ असा दिसला तर जोडी जुळली. पहिले तीन आकडे सारखे, शेवटचा वेगळा. घरगुती आणि केंद्रातल्या राउटरवर साधारण असंच असतं.

मागच्या महिन्यात पूर्णा तालुक्यातल्या एका केंद्रचालकाचा फोन आला. “दादा, कनेक्शन नवं घेतलं, मोबाईलला नेट फुल आहे, पण कॉम्प्युटरला येतच नाही.” मी आकडे वाचायला सांगितले. आयपी १९२.१६८.१.५०, गेटवे १९२.१६८.१.१. मग मोबाईलच्या वायफायच्या माहितीत गेटवे बघायला लावला. तो निघाला १९२.१६८.२९.१. म्हणजे कनेक्शनबरोबर राउटर बदलला, वेस दुसरीकडं गेली आणि कॉम्प्युटर जुन्याच वेशीवर उभा! कुणीतरी पूर्वी प्रिंटर शेअर करण्यासाठी पत्ता हातानं टाकून ठेवला होता, तो तसाच राहिला. पत्ता ऑटोमॅटिक केला आणि नेट चालू झालं. हातानं टाकलेला जुना पत्ता हे फार नेहमीचं कारण आहे, हे लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न: वेशीपर्यंत आणि वेशीबाहेर जाता येतं का?

हे तपासताना वायफाय आणि मोबाईलचं यूएसबी नेट बंद ठेवा, नाहीतर कॉम्प्युटर कुठल्या वाटेनं गेला ते कळत नाही. काळ्या खिडकीत पी-आय-एन-जी टाइप करा, एक जागा सोडा आणि गेटवेचा आकडा लिहून एंटर दाबा. ‘रिप्लाय’ आणि पुढं वेळेचा आकडा आला तर राउटरपर्यंत वाट ठीक. ‘टाइम्ड आउट’ किंवा ‘अनरीचेबल’ आलं तर गडबड केबल, पत्ता किंवा राउटर यांतच.

मग तसंच पिंग ८.८.८.८ करा. हा गूगलचा सर्व्हर. राउटर उत्तर देतोय पण हा देत नाही, तर अडचण बहुतेक राउटरच्या पलीकडं, कंपनीच्या बाजूला आहे. तुमचं सेटिंग बरोबर आहे, ते तसंच राहू द्या.

चौथा प्रश्न: नावावरून पत्ता सापडतो का?

८.८.८.८ उत्तर देतो, पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही? मग डीएनएसकडं बघा. आपण साइटचं नाव टाइप करतो, कॉम्प्युटरला मात्र आकडा लागतो. नावावरून आकडा शोधून देणारी डिरेक्टरी म्हणजे डीएनएस. ती बंद पडली की रस्ता मोकळा असून पत्ता सापडत नाही. इथं डीएनएस बदलणं हा खरा इलाज. गूगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, दोन्ही फुकट आहेत.

आता सेटिंग

विंडोज आणि आर दाबून एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल असं लिहा. ही वाट विंडोज ७, १० आणि ११ तिन्हींत चालते. ‘इथरनेट’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग यादीतल्या ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ वर डबल क्लिक.

इथं काहीही बदलायच्या आधी मोबाईलनं त्या खिडकीचा फोटो काढा. हा फोटो म्हणजे परतीचं तिकीट.

वरच्या भागात ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ निवडा. खालच्या भागात डीएनएसही ऑटोमॅटिक ठेवा. चौथ्या प्रश्नावर अडलात तरच ते दोन आकडे हातानं टाका. ओके, मग मागच्या खिडकीतही ओके, आणि परत तपासा.

प्रिंटर शेअर करायला कायमचा पत्ता लागतच असेल तर राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करा. हातानं टाकायचाच असेल तर राउटर वाटतो त्या आकड्यांबाहेरचा घ्या. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर तुम्ही ५० घ्या. नाहीतर तोच नंबर एखाद्या मोबाईलला जातो आणि दोघांचंही नेट अडखळतं.

तहसील, बँक, शाळेची लॅब अशा ठिकाणी पत्ता मुद्दाम हातानं दिलेला असू शकतो. तिथं ऑटोमॅटिक करू नका, जोडून देणाऱ्याला विचारा. ‘नेटवर्क रीसेट’ हे बटणही तिथं दाबायचं नाही, ते हे सगळे आकडे पुसून टाकतं.

जुन्या कॉम्प्युटरची आणखी एक खोड. लाइट गेली-आली की तारीख मागं जाते. तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडत नाहीत आणि आपण नेटला दोष देतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, तारीख दुरुस्त करा.

चारही उत्तरं बरोबर आली, बाकी साइट उघडतायत आणि फक्त विम्याचं किंवा दाखल्याचं पोर्टल फिरत बसलंय? मग बिघाड तुमच्याकडं नाही. तिकडच्या सर्व्हरवर ताण आलाय. तुमच्या सेटिंगनं तो हलका होणार नाही. रांगेतल्या लोकांना तसं स्पष्ट सांगा, कागद तपासून तयार ठेवा, स्क्रीनचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा आणि थोड्या वेळानं परत प्रयत्न करा.

शेवटी एक छोटं काम. आज नेट चालू असतानाच आयपी, गेटवे, डीएनएस आणि कंपनीचा तक्रार नंबर एका कागदावर लिहा आणि राउटरशेजारी चिकटवा. मुदतीच्या दिवशी जुळवून बघायला बरोबरचे आकडे समोर असतील. तुमच्याकडं १६९.२५४ दिसतोय की दुसरंच काही, ते आम्हाला जरूर कळवा. नेमके आकडे सांगितलेत तर पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू लवकरच!