थोरांच्या बुद्धीचे मोजमाप

थोर पुरुषांची बुद्धी किती होती, असे विचारले असता आपले वाडवडील 'कुशाग्र', 'एकपाठी', 'अलौकिक' असे एखादे विशेषण देऊन थांबत असत. आता विशेषणावर कोणाचे समाधान होत नाही. आकडा हवा असतो. आइन्स्टाइन १६०, जर्मन कवी गटे २१०, अमुक उद्योगपती १५५, अशा याद्या घरोघरी मोबाइलवर येऊन पोहोचतात आणि मुले त्या पाढ्यांसारख्या घोकतात. आइन्स्टाइन यांनी अशी परीक्षा कधी दिल्याची नोंद नाही. तरी त्यांच्या नावापुढील आकडा मात्र कायम झालेला आहे. हे आकडे येतात कोठून आणि त्यांत वस्तुतः काय मोजले जाते, एवढाच विषय आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम मापाविषयी. १९०५ साली पॅरिस येथे आल्फ्रेड बीने व त्यांचे सहकारी सीमाँ यांनी सोप्याकडून कठीणाकडे जाणारी एक प्रश्नमालिका तयार केली. हेतू अगदी व्यावहारिक होता : शाळेत मागे पडणारी मुले ओळखावीत आणि त्यांच्या शिक्षणाची निराळी सोय लावावी. ज्या वयाच्या सामान्य मुलांना जेथवरचे प्रश्न सुटतात ते त्या मुलाचे मानसिक वय. पुढे १९१२ मध्ये विल्यम श्टेर्न यांनी मानसिक वयास खऱ्या वयाने भागण्याची कल्पना काढली, आणि अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ च्या आपल्या आवृत्तीत त्या भागाकारास शंभराने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. आठ वर्षांच्या मुलास दहा वर्षांच्या मुलांचे प्रश्न सुटले तर त्याचा गुणांक १२५. साधे त्रैराशिक आहे. प्रौढांच्या बाबतीत हे त्रैराशिक कोलमडते, कारण चाळीस वर्षांच्या गृहस्थाचे मानसिक वय ऐंशी आहे या वाक्यास काही अर्थ नाही. म्हणून १९३९ मध्ये वेक्स्लर यांनी प्रौढांसाठी समवयस्कांशी तुलना करण्याची रीत घातली : सरासरी १०० धरावयाची, आणि सुमारे दोनतृतीयांश माणसे ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतील असे माप आखावयाचे. रीत कोणतीही असो, तिला एक जिवंत माणूस समोर बसलेला लागतो.

मग जो माणूस शंभर वर्षांपूर्वी निवर्तला त्याचे काय? येथून कथा रंजक होते. १९१७ मध्ये टर्मन यांनी इंग्लंडातील फ्रान्सिस गॉल्टन यांचा बालपणीचा गुणांक जवळजवळ २०० ठरविला. आधार कसला, तर गॉल्टन यांनी पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आपल्या बहिणीस लिहिलेले पत्र. आपणांस कोणतेही इंग्रजी पुस्तक वाचता येते, लॅटिनची नामे व क्रियापदे येतात, अशी त्या बाळाने त्यात आपली मोजदाद दिली आहे. चार वर्षांच्या मुलास आठ वर्षांच्या मुलाचे येते, म्हणून दोनशे! ती बहीणच त्यास घरी शिकवीत होती, घर सुखवस्तू होते, आणि मुख्य म्हणजे ते पत्र कोणीतरी जपून ठेविले, या गोष्टी त्या भागाकारात कोठेही येत नाहीत.

टर्मन यांच्या विद्यार्थिनी कॅथरीन कॉक्स यांनी हीच पद्धत विस्ताराने चालविली आणि १९२६ मध्ये ३०१ थोर व्यक्तींवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बाईंच्या परिश्रमाविषयी मला आदरच वाटतो. चरित्रे, पत्रे, शाळेतील नोंदी यांतून प्रत्येकाच्या बालपणाचा पुरावा गोळा करून तो परीक्षकांपुढे ठेविला, आणि प्रत्येकास दोन आकडे दिले : एक सतराव्या वर्षापर्यंतचा, दुसरा सव्विसाव्यापर्यंतचा. जॉन स्टुअर्ट मिल यांना पहिला आकडा १९० मिळाला. त्यांच्या वडिलांनी त्यांना तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकविण्यास आरंभ केला होता आणि त्याची साद्यंत हकिकत उपलब्ध होती. उलट पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणाऱ्या कोपर्निकसला १०५! मायकेल फॅरडे यांनाही १०५.

फॅरडे यांचे उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. ते लोहाराचे पुत्र, शाळा नावापुरती, चौदाव्या वर्षी बुकबाइंडराकडे उमेदवारीस राहिले. अशा मुलाचे बालपण कोण लिहून ठेवणार? म्हणून परीक्षकांनी त्यास सामान्य मुलाच्या जवळपास बसविले. उमेदवारीच्या काळात बांधावयास आलेली पुस्तके वाचून, डेव्ही यांची व्याख्याने ऐकून, त्यांची टिपणे बांधून फॅरडे पुढे आले. कागद जमू लागले, आणि सव्विसाव्या वर्षापर्यंतचा आकडा एकदम १५० झाला. दहा वर्षांत त्यांच्या मेंदूत पंचेचाळीस अंशांची भर पडली काय? भर पडली ती कागदपत्रांत. पुरावा जितका तोकडा तितका आकडा शंभराकडे ओढला जातो, हे कॉक्सबाईंच्याही ध्यानात आले होते. त्यांनी त्यासाठी आकडे वाढवून दुरुस्त्याही केल्या. शेक्सपिअरच्या बालपणाचा पुरावाच नाही म्हणून त्यास यादीतून वगळावे लागले. १९८१ मध्ये स्टीफन जे गूल्ड यांनी या पद्धतीवर जी टीका केली तिचा रोख हाच होता.

आता हीच फूटपट्टी आपल्याकडील थोरांना लावून पाहू. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८४२ चा, निफाडचा. लहानपणी ते अबोल व काहीसे जड वाटत, घरच्यांना त्यांची चिंताच होती, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितलेले आहे. कॉक्स यांच्या परीक्षकांपुढे एवढाच कागद गेला असता तर पहिला आकडा शंभराच्या आतबाहेर पडता. तेच रानडे १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत होते. लोकमान्य टिळकांच्या बाबतीत अडचण उलट आहे. 'संत' हा शब्द त्यांनी वर्गात तीन तऱ्हांनी लिहिला, टरफले उचलण्याचे नाकारले, या गोष्टी प्रत्येक क्रमिक पुस्तकाने सांगितल्या. परंतु लोकमान्य झाल्यानंतर सांगितलेल्या आठवणी म्हणजे बालपणाचा पुरावा नव्हे, ती कीर्तीची सावली होय. थोरपणावरून बालपण रंगवावयाचे आणि त्या बालपणावरून थोरपणाचे कारण काढावयाचे, हे चक्र न्यायशास्त्रात खपत नाही. मंडालेच्या तुरुंगात १९१० च्या नोव्हेंबरापासून १९११ च्या मार्चपर्यंत, अवघ्या काही महिन्यांत, पेन्सिलीने लिहिलेले गीतारहस्याचे हस्तलिखित हा मात्र पुरावा आहे. तो कशाचा? व्यासंगाचा, चिकाटीचा आणि बुद्धीचाही. पण त्यांतील किती अंश बुद्धीचा, हे वेगळे काढण्याचा तराजू अद्याप निघालेला नाही.

महर्षी कर्वे यांची हकिकत तर परीक्षकांनाच आरसा दाखविणारी आहे. कोकणातील मुरूडहून पावसाळ्यात घाट चढून पायी साताऱ्यास गेलेल्या या मुलास परीक्षेस बसू दिले नाही, कारण तो सतरा वर्षांचा दिसत नव्हता! मोजणाराच्या डोळ्यांवर इतके अवलंबून असते. वयाचा प्रश्न निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या घाटंजीसारख्या कापूसपट्ट्यातील शाळेत दाखल-खारीज रजिस्टर हेच अनेक मुलांच्या बालपणाचे एकमेव लेखी प्रमाण असते. त्यात नाव, जात, दाखल झाल्याची व शाळा सोडल्याची तारीख, आणि जन्मतारीख. जुनी पाने उलटली म्हणजे १ जून व १ जुलै या दिवशी जन्मलेली मुले किती ते पाहून कोणासही हसू येईल. आईबापांना तारीख सांगता येत नसे, गुरुजी शाळेच्या हिशेबाने ती लिहीत. दहा वर्षांचे मूल रजिस्टरात नऊ वर्षांचे लागले आणि त्यास दहा वर्षांचे प्रश्न सुटले, तर गुणांक १०० ऐवजी १११ येतो. भागाकारातील खालची संख्याच अंदाजाची, आणि उत्तर मात्र एककापर्यंत अचूक! वेचणीच्या दिवसांत जे मूल आईबरोबर शेतावर जाते त्याच्याविषयी त्या रजिस्टरात 'गैरहजर' याखेरीज शब्द नसतो. उद्या ते मूल फॅरडे झाले तर चरित्रकार कोणता कागद काढणार?

उद्योगपतींची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. शाळेच्या अभ्यासात मन रमेना म्हणून ते चित्रकला शिकण्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तेथे रंग नीट ओळखू येत नाहीत असे निष्पन्न झाले आणि चित्रकाराचा मार्ग खुंटला. या क्षणी कोणी त्यांचा आकडा काढला असता तर काय काढला असता, याची कल्पना करावी. ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, बेळगावात सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला तरी तो विकला जाईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी जे केले, म्हणजे धीर धरला, नांगराच्या फाळाकडे पुनःपुन्हा पाहिले, शेतकऱ्याच्या शंकेची टवाळी केली नाही, त्यास कोणत्या प्रश्नपत्रिकेत गुण आहेत? पुढे १९१० मध्ये औंधच्या अधिपतींनी जागा व आश्रय दिला आणि निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आश्रयदात्याची पारख हाही यशाचा भाग, आणि ती लक्ष्मणरावांच्या मस्तकात नव्हती, औंधात होती.

परदेशी उद्योगपतींच्या आकड्यांचीही हीच तऱ्हा. स्टीव्ह जॉब्स यांनी १९९५ च्या एका मुलाखतीत सांगितले की चौथ्या इयत्तेच्या अखेरीस घेतलेल्या चाचणीत आपण दहावीच्या मुलांच्या बरोबरीस उतरलो. लगेच कोणीतरी पंधरास दहाने भागले आणि १५० च्या पुढचा आकडा जगभर फिरला. ती चाचणी शालेय प्रगतीची की बुद्धीची, हे विचारण्यास कोणी थांबले नाही. बिल गेट्स यांचे महाविद्यालय-प्रवेशपरीक्षेतील गुण घेऊन त्यांचे असेच रूपांतर करतात. १९६८ मध्ये त्यांच्या शाळेत मुलांना संगणक हाताळावयास मिळत होता, ही गोष्ट माझ्या मते त्या आकड्याहून अधिक बोलकी आहे.

उलट जेथे परीक्षा खरोखर झाली तेथे काय दिसले? भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचा शाळेतील गुणांक १२५ असल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. चांगला, पण दर वर्गात एखाद्याचा असावा असा. टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील दीड हजारांहून अधिक तल्लख मुले निवडून त्यांचा जन्मभर मागोवा घेतला. त्या निवडीत शॉक्ली व अल्वारेझ ही दोन मुले तपासली जाऊन नापसंत ठरली. पहिल्यास १९५६ मध्ये आणि दुसऱ्यास १९६८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्यांपैकी कोणासही ते मिळाले नाही. निवडलेली मुले वाया गेली असे मुळीच नव्हे, बहुतेक जण उत्तम डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाले. परंतु शाळेत पुढे जाण्याची शक्यता आणि जगास नवे काही देण्याची शक्ती या दोन वस्तू एकाच काट्यावर तोलता येत नाहीत.

आणि ज्यांचा कागदच नाही त्यांचे? खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचीत. पुत्र सोपानदेव आणि घरातील मंडळी त्या टिपून ठेवीत. बाई १९५१ मध्ये वारल्या आणि संग्रह १९५२ मध्ये निघाला. ती वही नसती तर मोजावयास आकडा राहो, नावही उरले नसते.

यावरून बुद्धिमापन हे थोतांड आहे असा समज कृपया करून घेऊ नये. समोर बसलेल्या मुलास आज काय झेपते, कोठे अडते, हे सांगण्यात योग्य कसोटी पुष्कळ उपयोगी पडते. आपल्या भाषेत हे काम धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. बीने यांचे प्रश्न नुसते भाषांतरित न करता कानडी व मराठी मुलांवर पडताळून त्यांनी त्यांची फेररचना केली. त्यावरील त्यांचा निबंध १९३४ मध्ये आणि ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापिली. तेथे बुद्धीचे अनेक पैलू गृहीत धरून कसोट्या घेण्याची परंपरा पडली.

हल्ली मात्र शहरांतून व तालुक्याच्या गावांतूनही मुलांच्या बुद्धीचा दाखला पैसे घेऊन देणारी केंद्रे निघाली आहेत. मध्यंतरी एक माता असाच छापील कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मुलाचा आकडा १३८, आणि खाली तुलनेसाठी तीन शास्त्रज्ञांचे व दोन उद्योगपतींचे आकडे! बाईंना आनंद होता आणि धाकट्याचा आकडा ९६ निघाल्याचे दुःखही होते. मी त्यांना एवढेच सुचविले की केंद्रास चार प्रश्न विचारावेत. कसोटी कोणत्या भाषेत घेतली? मुलाच्या घरची भाषा तीच आहे काय? वय खऱ्या जन्मतारखेवरून धरले की दाखल्यावरून? आणि तुलनेसाठी घेतलेली सरासरी कोणत्या सालच्या, कोठल्या मुलांची? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले की अनेक देशांत दर दहा वर्षांस सरासरी गुण तीन अंशांच्या आसपास चढत गेले. म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सरासरीशी ताडले तर साधारण मूलही दहा अंशांनी हुशार ठरते. बाईंनी चारही प्रश्न कागदाच्या पाठीमागे लिहून घेतले आणि धाकट्याची खरी जन्मतारीख सासूबाईंना विचारते म्हणाल्या. तो पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला होता, एवढे त्यांना पक्के आठवत होते.