अड्याळचे दहा उन्हाळे

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ची. पावसाळ्याचा अंदाज देण्याची या खात्याची परंपरा जुनी आहे, पण उन्हाळ्याचा देशभराचा, विभागवार हंगामी अंदाज सुरू झाला तो २०१६मध्ये. त्या पहिल्याच अंदाजात तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील असं सांगितलं होतं, आणि १९ मे रोजी राजस्थानातल्या फलोदीत ५१ अंशांची नोंद झाली. तेव्हापासून २०२५पर्यंत दहा उन्हाळे झाले. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळमधून या दहा वर्षांकडे पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. अंदाज दरवर्षी आला, पण गावाने त्यातून फक्त दुपारचा आकडा उचलला.

त्याला कारणही आहे. पूर्व विदर्भात ऊन नवं नाही. नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा किती चढला, हा इथला रोजचा विषय. पंचेचाळीसपर्यंत कोणी दचकत नाही. दुपट्टा बांधायचा, कुलरमध्ये पाणी भरायचं, पन्हं प्यायचं आणि नवतपा निघाला की मिरगाची वाट पाहायची, ही रीत पिढ्यांची. पण या दहा वर्षांत उन्हाळ्याचं वेळापत्रकच हललं. २०२२चा मार्च देशात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीने तसाच विक्रम केला. होळीनंतर तापणारं ऊन आता होळीआधीच अंगावर येतं.

प्रदेश बदलला की उन्हाचा अर्थही बदलतो. म्हणूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करताना हवामान विभाग मैदानी भागासाठी किमान ४० अंश धरतो, तर किनाऱ्यासाठी ३७. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा तिथला पारा चाळिशीच्याही खाली होता. अड्याळच्या माणसाला तो आकडा किरकोळ वाटेल. पण हवेत दमटपणा असला की घाम सुकत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. जिथे कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धानाच्या बांध्या भरलेल्या असतात, तिथे हा धडा किनाऱ्यापुरता मानून चालणार नाही.

२०२४च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. यंत्रात दोष असल्याचं लगेच स्पष्ट झालं, तरी तो आकडा गावोगाव फिरला. त्याच वर्षी देशभरातली जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली, त्याची चर्चा मात्र त्या मानाने कमीच झाली. शेतकऱ्याला तालुक्यापुरता सल्ला देणारी ती व्यवस्था होती.

मग २०२५ आलं. एप्रिल ते जून देशाच्या बहुतेक भागांत तापमान सरासरीपेक्षा जास्त आणि उष्णतेच्या लाटांचे दिवसही जास्त, असा अंदाज होता. एप्रिल त्याबरहुकूम तापला. चंद्रपूर पंचेचाळीसच्या पुढे गेलं. मे मात्र पार उलटा निघाला. २४ मे रोजी मान्सून केरळात पोचला आणि देशात १९०१पासूनचा सर्वाधिक पावसाचा मे नोंदला गेला. नवतपा तापलाच नाही. उन्हापासून सुटका झाली, पण पूर्व विदर्भात कापणीला आलेलं उन्हाळी धान पावसात सापडलं. कडपा बांधीत भिजला की दाण्याला कोंब फुटतात, आणि तसं धान खरेदी केंद्रावर कोणी घेत नाही.

एवढ्यावरून अंदाज फोल म्हणणं अन्यायाचं होईल. हंगामी अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीची शक्यता सांगतो. अमुक दिवशी पाऊस येईल, हे तो सांगत नाही. ते काम आठवड्याच्या आणि रोजच्या अंदाजाचं. शिवाय हंगामी अंदाजात किमान तापमानाचा नकाशाही असतो. रात्र निवली नाही तर दिवसभर राबलेल्या शरीराला विसावा मिळत नाही. पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाईसाठी आणि तेंदूपानाच्या मजुरासाठी तो नकाशा दुपारच्या आकड्याइतकाच मोलाचा आहे.

म्हणून मार्चअखेर येणारा अंदाज ग्रामसभेत वाचला जावा. रोजगार हमीच्या कामाच्या वेळा, दवाखान्यातली उष्माघाताची सोय आणि मामा तलावातला गाळ उपसण्याचा मुहूर्त त्यावरून ठरावा. पुढे रोजच्या अंदाजावर नजर ठेवून कापणी आणि धान झाकायची ताडपत्री यांची तयारी व्हावी. अंदाज कधी चुकेलही, पण ही तयारी वाया जाणार नाही.