एस.टी.च्या वेळा आणि अक्षरांचे क्रमांक

समजा, निलंगा तालुक्यातील कासार शिरसीचा एक विद्यार्थी रोज सकाळी एस.टी.ने निलंग्याच्या महाविद्यालयात येतो. सकाळी तास, दुपारी रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक आणि मग बसस्थानकावर परतीच्या गाडीची वाट पाहणे, असा त्याचा दिवस जातो. त्याला वेब पाने तयार करण्याचा छंद आहे. गावाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळांचे एक पान मराठीत करावे, म्हणजे घरच्या मंडळींनाही ते वाचता येईल, असे तो ठरवितो. काम एका संध्याकाळचे वाटते. पण त्यात दोन अडचणी येतात. त्या समजून घेतल्या, तर संगणक मराठी कशी साठवितो हे आपल्याला कळेल.

वेब पान म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल होय. कोणता भाग शीर्षक, कोणता परिच्छेद, कोणता तक्ता, हे सांगणाऱ्या खुणा त्या मजकुरातच लिहिलेल्या असतात. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. ब्राउझर त्या खुणा वाचून पान मांडतो. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यामुळे असे पान तयार करण्यास आज कोणाचाही परवाना लागत नाही.

पहिली अडचण: अक्षरे बिघडतात

पान त्याच्या मोबाइलवर नीट दिसते, पण मित्राच्या संगणकावर 'निलंगा' या शब्दाच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' त्यात पुनःपुन्हा दिसते. असे का होते?

संगणकाला अक्षर ठाऊक नसते; तो फक्त संख्या साठवितो. कोणत्या अक्षराला कोणती संख्या द्यायची, हा माणसांनी केलेला करार असतो. युनिकोड या जागतिक करारात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत. त्यानुसार 'निलंगा' हा शब्द असा साठतो: न २३४४, वेलांटी २३६७, ल २३५४, अनुस्वार २३०६, ग २३२७, काना २३६६. वेलांटी कागदावर 'न'च्या आधी दिसते, पण साठविताना ती नंतर येते. क्रम उच्चाराचा आहे, चित्राचा नाही.

फाइलमधील एका बाइटमध्ये मात्र २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणून युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक क्रमांक तीन बाइटांत विभागतात. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी ही पद्धत १९९२ साली तयार केली. 'न'चे तीन बाइट २२४, १६४ आणि १६८ असे आहेत. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो. मित्राच्या ब्राउझरने प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र अक्षर मानले आणि जुन्या युरोपीय करारात २२४ म्हणजे तिरक्या रेघेचे 'ए'! फाइल बिघडलेली नव्हती. तिचा करार कोणता, हे सांगितलेले नव्हते. पानाच्या सुरुवातीला 'हा मजकूर युटीएफ-८ मध्ये आहे' असे सांगणारी एक खूण घातली, की अडचण दूर होते.

या कराराचा आणखी एक गमतीचा भाग आहे. देवनागरीच्या क्रमांकांची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणकावरून घेतलेली आहे. त्यात भारतीय लिपींची अक्षरे सारख्याच क्रमाने बसविलेली होती. निलंगा तालुक्याच्या शेजारी कर्नाटकातील बीदर जिल्हा आहे. वरील सहाही संख्यांत ८९६ मिळवा. तोच शब्द कन्नड लिपीत तयार होतो.

दुसरी अडचण: दहा आधी, नऊ नंतर

आता वेळा क्रमाने लावायच्या आहेत. विद्यार्थी ९:१५ आणि १०:३० या वेळा लिहून संगणकाला क्रम लावण्यास सांगतो, तर १०:३० आधी येते! कारण संगणक हा मजकूर शब्दकोशाप्रमाणे पहिल्या चिन्हापासून तपासतो. १ चा क्रमांक २४०७ आहे आणि ९ चा २४१५; म्हणून एकने सुरू होणारी वेळ आधी. ०९:१५ असे लिहिले, की क्रम बरोबर लागतो.

गाडीला किती मिनिटे उरली, हे काढताना पुन्हा अडते. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा आहे. तिला '९' या देवनागरी अंकाची संख्या करून मागितली, तर 'ही संख्या नाही' असे उत्तर मिळते. अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा करण्याची युक्ती विद्यार्थ्याला स्वतः शोधावी लागते.

करार मोडला तर

हा करार न पाळण्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. विद्यार्थिदशेत आम्ही काही मराठी टिपणे त्या काळच्या एका फाँटमध्ये लिहून ठेवली होती. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांचेच क्रमांक वापरून वर फक्त मराठी आकार चढविलेले होते. पुढे तो फाँट नव्या संगणकावर मिळाला नाही. फाइल शाबूत होती, पण पडद्यावर उरली ती निरर्थक रोमन अक्षरे. अशा मजकुरात 'निलंगा' लिहून शोध घेतला, तरी काही सापडत नाही. कारण तेथे 'निलंगा' कधी साठविलेलेच नसते. शाळांचे अहवाल, स्मरणिका, गावांचे इतिहास अशा फाँटमध्ये असतील, तर ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे निकडीचे आहे.

शिक्षकांना हा पाठ वर्गात सहज घेता येईल. युनिकोडचा देवनागरी तक्ता फळ्यावर लिहावा आणि प्रत्येकाने आपले नाव संख्यांत लिहून शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे. जोडाक्षर आले, की हलन्ताचा क्रमांक २३८१ मध्ये का घालावा लागतो, हे मुले आपण होऊन विचारतील. पुढची पायरी म्हणजे आपल्या गावाच्या एस.टी.चे वेळापत्रक. पान मोबाइलवरच साठवून उघडले, तर त्यासाठी इंटरनेटचीही गरज नाही.