गाईडने सांगितलं, म्हणून मी लिहिलं

कुणकेश्वरला आलेले पर्यटक देवळातून बाहेर पडले की विचारतात, "विजयदुर्ग किती लांब?" दोन्ही ठिकाणं देवगड तालुक्यातच. माझा पीएचडीचा विषय आहे किल्ल्यावरचे गाईड इतिहास कसा सांगतात हा, त्यामुळे ही फेरी मी कितीदा केलीय याची मोजदाद नाही.

विजयदुर्गावर एक गोष्ट पटकन लक्षात येते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आरमार घेऊन आले, तुळाजी आंग्र्यांचा पाडाव झाला, इंग्रजांनी किल्ल्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं आणि त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात तो पेशव्यांना दिला. एवढं मोठं प्रकरण गाईडकाका दोन मिनिटांत उरकतात. मग 'साहेबाच्या कट्ट्यां'पाशी येऊन थांबतात ते दहा मिनिटं. "१८ ऑगस्ट १८६८. सूर्यग्रहण. लॉकियर सायबान हयच दुर्बीण लावली आणि हेलियमचो शोध लागलो!" पर्यटक फोटो काढतात. मीही काढला होता, आणि पहिल्या सेमिनारच्या पेपरात हे वाक्य जसंच्या तसं टाकलं.

माझ्या गाईडनी (विद्यापीठातल्या) समासात एकच शब्द लिहिला: "कशावरून?"

मग शोधायला बसलो. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं. पण त्या दिवशी गुंटूरला निरीक्षण करत होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. त्याने २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना, त्यातून पुढे हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हा वायू रॅमसेने वेगळा काढला तो १८९५ मध्ये.

म्हणजे काका थापा मारतात? इथेच घाई करू नका. मीही केली होती, आणि दुसऱ्या मसुद्यात "निराधार दंतकथा" असं लिहून मोकळा झालो होतो. तीही चूकच. लॉकियर विजयदुर्गला आला होता, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मेल्पोमीन या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्रा. नायगमवाला जेऊरला तळ टाकून होते. काकांच्या गोष्टीत माणूस खरा, जागा खरी, ग्रहण खरं. फक्त दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आहेत.

हे मला आधी का सापडलं नाही? कारण मी इंग्रजीत आजच्या स्पेलिंगने शोधत होतो. इंग्रजांच्या तेव्हाच्या कागदांत गाव 'विझियाड्रुग' असं आहे, आणि आंग्र्यांच्या काळासाठी तर 'घेरिया' शोधावं लागतं. बंदराच्या गावांवर काम करणार असाल तर आधी जुन्या नावांची यादी करा. माझे चार महिने गेले.

आता प्रबंधात काकांचं वाक्य आहेच, पण जागा बदलून. १८६८ साठी तो पुरावा नाही. आज गावाला स्वतःबद्दल काय सांगावंसं वाटतं, याचा मात्र तो पहिल्या दर्जाचा पुरावा आहे. लढाई दोन मिनिटं आणि हेलियम दहा, हे प्रमाणसुद्धा डेटाच. कुणकेश्वरचं देऊळ वादळातून वाचलेल्या अरब व्यापाऱ्याने बांधलं, ही आमच्याकडची कथा मात्र वेगळ्या जातीची. तिला तारीखच नाही, त्यामुळे तिला "कधी?" विचारण्यापेक्षा "कोण, कुणाला सांगतं?" हे विचारलेलं बरं.

काकांना मी १८९८ चं सांगितलं. ते हसले. "मास्तरांनी सांगितल्यानी तसा मी सांगतंय. तुझो कागद दाखव मगे."

झेरॉक्स घेऊन गेलो. पुढच्या फेरीत काकांनी दोन्ही सालं सांगितली, आणि फोटो १८६८ लाच निघाले.